तीन राज्यांचा मतदार

उदगीर म्हटले की आपल्या मंडळींस १७६० सालची भाऊसाहेबांची निजामाशी झालेली लढाई आठवते. परंतु तेथील साध्या मतदाराची कथाही काही कमी नवलाची नव्हे.

निजामी अमलात ज्यास प्रौढ मताधिकार ठाऊक नव्हता, त्याने १९५२ साली पहिले मत दिले ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातून. १९५६ च्या पुनर्रचनेत बीदर म्हैसूरकडे गेले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके उस्मानाबादेस जोडले जाऊन मुंबई राज्यात आले. म्हणजे १९५७ चे मत मुंबई राज्यात, आणि १९६२ चे महाराष्ट्रात! घराचा उंबरठा तोच, राज्ये मात्र तीन. पहिल्या दोन खेपांस उमेदवारागणिक निराळी पेटी होती, तिसऱ्या खेपेस शिक्का मारणे आले. वृद्धांनी हे सारे कसे पचविले असेल कोण जाणे.

उदगीर ज्यात मोडते त्या लातूर लोकसभा मतदारसंघात पुढे स्थैर्य आले, ते जरा अतिच. चाकूरचे शिवराज पाटील १९८० पासून लागोपाठ सात वेळा निवडून आले. एकाच नावावर इतका भरवसा आम्हांस मानवत नाही. २००४ साली मतदारांनीच तो मोडला व रूपाताई पाटील निलंगेकर यांस लोकसभेत धाडिले. पराभूत शिवराजजी त्याच वर्षी देशाचे गृहमंत्री झाले व राज्यसभेवर गेले. राज्ये बदलताना ज्याचे मत कोणी घेतले नव्हते, त्या मतदारास ही बातमी ऐकून काय वाटले असेल?