फॉईल नदीचे दोन काठ

डेरी हे नाव वाचून दुधाची डेअरी आठवेल; पण हे उत्तर आयर्लंडमधले एक शहर आहे. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओक वृक्षांची राई. या गावात नुसत्या नावावरून माणसाची बाजू ओळखू येते. आयर्लंड एक व्हावे असे म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, ‘डेरी’ म्हणतात. ब्रिटनबरोबर राहू इच्छिणारे प्रॉटेस्टंट ‘लंडनडेरी’ म्हणतात.

शहराच्या मधून फॉईल नदी वाहते. पश्चिम काठावर जुना तट, बाजारपेठ आणि कॅथलिकांची मोठी वस्ती. पूर्व काठावर प्रॉटेस्टंटांची घरे पुष्कळ. १६८९ साली कॅथलिक राजा जेम्सच्या फौजेने या तटाला १०५ दिवस वेढा घातला होता. तो वेढा परतवल्याच्या मिरवणुका अजून निघतात. एकाचा सण तो दुसऱ्याच्या जखमेवर मीठ!

३० जानेवारी १९७२ रोजी नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ जण ठार झाले, एक जण पुढे दगावला. त्यानंतर कैक वर्षे बॉम्ब आणि बंदुका. बरीच प्रॉटेस्टंट कुटुंबे पश्चिम काठ सोडून पलीकडे गेली. १९९८ च्या करारानंतर बंदुका बहुतांशी थंडावल्या. पण तुटलेला शेजार करारावर सही केल्याने जुळत नाही.

जून २०११ मध्ये नदीवर ‘शांततेचा पूल’ खुला झाला. तो फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या पूर्व टोकाला एब्रिंग्टन ही लष्कराची जुनी छावणी. जिथे पहारे होते तिथे लोकांसाठी मैदान झाले. २०१३ साली हे शहर ब्रिटनचे पहिले ‘सांस्कृतिक नगर’ ठरले आणि वर्षभर नाटके, नाच, चित्रे, गाणी झाली. ऑगस्टमध्ये आयरिश संगीताची मोठी जत्रा भरली. उत्तर आयर्लंडमध्ये ती भरण्याची ही पहिलीच वेळ. तिथे प्रॉटेस्टंटांची बासरी-ढोलाची पथकेही वाजली. ज्या ढोलांवरून एरवी वाद पेटत, तेच ढोल पाहुणे म्हणून आले.

मांडव उठल्यावर काय उरले? पहिले म्हणजे पायवाट. पुलावरून माणसे ये-जा करू लागली आणि तो रोजच्या वहिवाटीचा झाला. दुसरे, एकत्र काम करण्याची सवय. जुलै-ऑगस्टात दोन्ही बाजू आपापल्या होळ्या पेटवतात आणि त्यांत दुसऱ्याचे झेंडे जाळण्याची वाईट खोड आहे. मार्च २०१५ मध्ये डेव्हिड बेस्ट या अमेरिकन कलावंताने स्थानिक तरुणांना हाताशी धरून टेकडीवर लाकडाचे कोरीव मंदिर उभारले. दोन्ही काठांच्या लोकांनी त्यावर गेलेल्यांची नावे आणि मनातली दुःखे लिहिली. मग ते सर्वांसमक्ष जाळले. होळी तीच, पण या खेपेला त्यात कुणाचा झेंडा नव्हता.

जे झाले नाही तेही सांगितले पाहिजे. रोजगाराची ओढाताण संपली नाही. मुले अजून बहुतेक वेगवेगळ्या शाळांत जातात. एप्रिल २०१९ मध्ये पश्चिमेकडच्या क्रेगन वस्तीत दंगल चालू असताना लिरा मकी ही तरुण पत्रकार गोळी लागून मेली.

एका पावसाने जमीन सुधारत नाही. तो पडतो त्या वेळी बांध घातलेला असेल तर ओल टिकते, नाहीतर पाणी वाहून जाते. डेरीचा उत्सव हा पाऊस होता. पूल आणि मिळून केलेले काम हे बांध. पाहुणे परत गेल्यावर बांधाची डागडुजी गावालाच करावी लागते. जत्रा आपल्याही गावोगाव भरतात. जत्रेचा हिशेब मांडताना वर्गणी-खर्चाबरोबर एवढेही पाहावे: यंदा कोणत्या दोन आळ्यांनी मिळून मांडव घातला, आणि जत्रेनंतर त्या एकमेकींकडे जातात का?