न मरणारा वारिओ

सन २००१ च्या पावसाळ्यातील ही गोष्ट. जांबोटीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊकच आहे की, एकदा तो लागला म्हणजे वीज जाते, चोर्ल्याच्या रस्त्यावरील वर्दळ मंदावते आणि माणसे घरात कोंडली जातात. त्याच वर्षी माझा थोरला मुलगा दहावीला गणितात नापास झाला होता. मी त्याला मारले नाही; मी त्याच्याशी बोलणेच सोडले. मारण्याहून ते वाईट, असे त्याची आई म्हणे.

अशा दिवसांत जहाजावर नोकरी करणारा माझा मेहुणा सुट्टीवर आला व त्याने भाच्याच्या हाती ‘गेम बॉय’ नावाचे यंत्र ठेवले. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली काढलेले हे यंत्र चार पेन्सिल सेलांवर चालते. त्याच्या निर्मात्यांपैकी गुनपेई योकोई यांना असल्या हातातील खेळांची कल्पना, आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राची बटणे दाबीत बसलेला पाहून सुचली, असे सांगतात.

नापास मुलाला वर खेळणे! मला संताप आला. एके रात्री ते कपाटात दडवावे म्हणून मी उचलले आणि सहज बटण दाबले. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. म्हणून कंदिलाजवळ बसलो, तो बसूनच राहिलो.

खेळ होता १९९८ सालचा ‘वारिओ लँड २’. जाड्या मिशांचा, पैशाचा लोभी असा हा वारिओ चोरीस गेलेले आपले धन परत मिळविण्यास निघतो. तो चालू लागला की मागील चित्र सरकत जाते. उड्या माराव्या, विटा फोडाव्या, नाणी वेचावी. असल्या इतर खेळांत नायक तीन-चारदा मेला की सारे संपते. हा मात्र मरतच नाही! डोक्यावर भार पडला तर पापडासारखा चपटा होतो, आणि चपटा झाल्यामुळेच अरुंद फटीतून पलीकडे जातो. मधमाशी डसली तर तोंड फुग्यासारखे सुजते व तो वर तरंगत जातो. पेटला तर बोंबलत धावतो, आणि त्याच आगीने वाट अडविणारे ठोकळे जाळतो. नुकसान होते ते चार नाण्यांचे. मी एकटाच मोठ्याने हसलो.

“बाबा, तसे नव्हे,” पाठीमागून आवाज आला. मुलगा केव्हा उठून आला, मला कळलेच नाही. कित्येक दिवसांनी आम्ही एकमेकांशी बोलत होतो.

त्याने खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. वारिओ अंथरुणात घोरत होता. मी बटण दाबणार, तोच मुलाने माझा हात धरला. “थांबा. त्याला उठवायचेच नाही.”

“का रे?”

“पाहा तर खरे.”

पाहतो तो काय, चोरांनी त्या झोपाळूला त्याच्याच वाड्यातून उचलून बाहेर फेकले! माझ्या घरी रोज सकाळी हाच प्रसंग येई. मला हसू आवरेना.

“मग आता?” मी विचारले.

“आता वाट निराळी,” तो म्हणाला, आणि यंत्र माझ्या हाती देऊन कंदिलाची वात थोडी वर केली.