सव्वानऊची प्रार्थना

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता. "देवाची सेवा करायला मिरज कमी पडलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बोलावणं मला आलंच नव्हतं. ते यांना आलं होतं. हे मिरजेच्या मिशन इस्पितळात इलेक्ट्रिशियन. जनरेटर, पंप, ऑपरेशन थिएटरचे दिवे, सगळं यांच्या हाताखालचं. मी तिथंच नर्स. १९९८ साली एका रविवारी उपासनेहून आल्यावर हे म्हणाले, "नेपाळात तानसेनच्या मिशन इस्पितळात माणसं हवीत. प्रभू आपल्याला बोलावतोय असं वाटतं." त्यातला 'आपल्याला' मला टोचला. तीन महिने मी रोज गुडघे टेकून खूण मागितली. मिळाली नाही. शेवटी यांना म्हटलं, "मला काही ऐकू आलेलं नाही. पण तुम्ही खोटं बोलणारे नाही. चला." लोक म्हणाले, हे दोघं विश्वासावर निघाले. खरं सांगते, माझा विश्वास त्या वेळी आधी नवऱ्यावर होता, मग देवावर.

एक गोष्ट मात्र मनात होती. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं केलं ते डॉ. वॉनलेस यांनी, साता समुद्रापलीकडून येऊन. माझ्या आजीचं बाळंतपण तिथलं, आईचं तिथलं, माझं शिक्षण तिथलं. इतकी वर्षं आम्ही घेणारेच होतो.

पुण्याहून गोरखपूर, तिथून बसने सुनौली. व्हिसा लागत नाही, माणसं चालतच सीमा ओलांडतात. पलीकडे गेल्यावर यांनी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. परदेश म्हणजे तेवढाच, असं तेव्हा वाटलं. बुटवलनंतर घाट लागला आणि तानसेनला उतरले तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते.

पाटी वाचता येते आणि बोललेलं कळत नाही, हे फार विचित्र असतं. लिपी आपलीच, शब्द परके. पण त्याहून अवघड होतं ते गप्प राहणं. युनायटेड मिशन टू नेपाळला १९५४ पासून तिथं काम करायची मुभा होती ती दवाखाने, शाळा, विकास यांसाठी. कुणाचा धर्म बदलवणं कायद्याने गुन्हा. मिरजेत आम्ही घरोघरी प्रार्थनेला जाणारी माणसं. इथं येशूचं नाव आपणहून काढायचं नाही. पहिलं वर्ष मला त्याने घुसमटल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी आलो, त्याचंच नाव ओठांत ठेवायचं?

मग एक आजी आल्या. मुलाने त्यांना 'डोको'मध्ये, म्हणजे बांबूच्या उभ्या टोपलीत बसवून आणलं होतं. टोपलीचा पट्टा त्याच्या कपाळावर. दोन दिवस डोंगर चालला होता तो. टोपली टेकवून पट्टा काढला तर कपाळावर बोटभर रुंद खड्डा पडलेला, कातडी पांढरी झालेली. आजींचा पाय चुलीत भाजला होता. रोजचं ड्रेसिंग माझ्याकडे. चिकटलेलं गॉज मिठाच्या पाण्याने भिजवून सुटेपर्यंत थांबायचं, ओढायचं नाही. वीस-वीस मिनिटं मी त्या पायापाशी बसायची, आणि तेवढा वेळ मनातल्या मनात प्रार्थना चालायची. कुठला कायदा मोडला नाही, आणि इतकी लांब प्रार्थना मी मिरजेतही कधी केली नव्हती.

तिथली ख्रिस्ती मंडळी शनिवारी उपासनेला जमायची, कारण सुट्टी शनिवारची. चपला बाहेर, जमिनीवर मांडी, भेटलं की 'जय मसीह'. पण आमची मराठी उपासना रात्री दोघांचीच. सासूबाई मिरजेत नऊला कुटुंबप्रार्थनेला बसायच्या, म्हणून आम्ही सव्वानऊला बसायचो. दोघांत भांडण झालं तर मोठी पंचाईत. समजूत घालणारं तिसरं माणूस नव्हतं, आणि रुसून प्रार्थना करता येत नाही. सव्वानऊच्या आत एकाला बोलावंच लागायचं. बहुतेक वेळा हेच बोलले.

३१ जानेवारी २००६ च्या रात्री नेपाळमधल्या माओवादी बंडखोरांनी तानसेनवर हल्ला केला. हे जनरेटरपाशी, मी घरी एकटी. गोळ्यांच्या आवाजाने खिडकी थरथरत होती. पलंगाखाली शिरून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले आणि मधेच अडले. लहानपणापासून पाठ असलेले शब्द आठवेनात. पहाटे हे आले. बोटांना ग्रीस, डोळे लाल. पाल्पा दरबार, तानसेनचा जुना राजवाडा, जळून गेला होता. हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुला इथं मी आणलं. आपण परत जाऊ या."

मी केस बांधत होते. म्हटलं, "मला ड्यूटी आहे." पुढचं वाक्य तोंडातून आपसूक आलं, "मी कुठंही जाणार नाही." ती खूण होती की काय, मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी कधी खूण मागितली नाही.

आम्ही २००९ मध्ये परतलो, सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून. निघताना शेजारच्या दिदीला शब्द दिला होता. ती तिच्या घरी रात्री नऊला प्रार्थनेला बसते, त्याच वेळी आम्हीही बसू, असा. म्हणून आता मिरजेत पावणेनऊ झाले की हे पवित्र शास्त्र उघडतात.

पहिल्या दिवशी सासूबाई पडल्या पडल्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "अजून नऊ कुठं वाजलेत?"

"तिकडं वाजले, आई," मी म्हटलं. त्यांनी हात जोडले.