पत्ता : १९२.१६८.१.१

राउटरच्या आत जाता येतं! टीव्हीमागे भिंतीवर ठोकलेला तो पांढरा डबा, ज्याच्याकडे आपण फक्त नेट अडकलं की वळतो, बंद करतो, चालू करतो आणि विसरून जातो, त्याला स्वतःचं एक पान असतं. ते उघडायला पैसे लागत नाहीत, नेटवाल्याला फोन करावा लागत नाही. घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये, जिथे एरवी वेबसाइटचं नाव टाकतो तिथे, १९२.१६८.१.१ एवढे आकडे टाकायचे. माझ्या नवीन पनवेलच्या घरात एवढ्यानेच काम झालं. काही डब्यांना १९२.१६८.०.१ लागतं, काहींना आणखी वेगळं, पण डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर ते छापलेलं असतं. आणि त्याच स्टिकरवर, वाय-फायच्या पासवर्डच्या खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी असतात: युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. दोन पासवर्ड! एक वाय-फायला जोडण्याचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा थेट डब्याच्या कारभाराचा, ज्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसली ती जोडलेल्या उपकरणांची यादी, आणि मी तिथेच खिळले. बाबांचा फोन, माझा लॅपटॉप, हॉलमधला टीव्ही, हे ओळखीचे. पण खाली ‘ईएसपी’ने सुरू होणारं आणि पुढे नुसतीच अक्षरं-आकड्यांची माळ असलेलं एक नाव. कोण हा? मग मी घरातलं एकेक उपकरण बंद करत, दर वेळी यादी ताजी करत शोध सुरू केला. बाबा म्हणाले, “अगं, काय चाललंय काय?” गिझरचा स्मार्ट प्लग काढला आणि ते नाव गायब! एस्प्रेसिफ नावाची कंपनी असल्या प्लगांमध्ये, बल्बांमध्ये बसणारी चिप बनवते, तिचंच ते नाव. आणखी एक अनोळखी फोन निघाला तो वरच्या मजल्यावरच्या मुलाचा. गणपतीत आरतीला आलेल्या सगळ्यांना आपण पासवर्ड देतोच, तो त्याच्या फोनने जपून ठेवला होता. आता पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क आहे, आणि गिझरचा प्लग नि बाल्कनीतला कॅमेराही त्यातच टाकलाय. त्यांना नेट मिळतं, पण माझ्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. १९२.१६८ ने सुरू होणारा हा पत्ता माझ्या एकटीचा नाहीच. समोरच्या वहिनींच्या घरातही तोच, खांदा कॉलनीतही तोच, जगभर कोट्यवधी घरांत तोच. १९९६ साली इंटरनेटच्या नियमांत असे काही पत्ते फक्त घराच्या, ऑफिसच्या आत वापरण्यासाठी राखून ठेवले. बाहेरच्या जगाला आपल्या घरातला फोन वेगळा, टीव्ही वेगळा असं काही दिसत नाही. राउटर सगळ्यांच्या वतीने एकाच पत्त्याने बोलतो, आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला वाटून देतो. म्हणजे माझ्या वाय-फायवरून कोणीही काहीही पाठवलं तरी बाहेर उमटतो तो माझ्या कनेक्शनचा पत्ता.

हे कळल्यावर मला सानपाड्याचं प्रकरण पहिल्यांदा नीट समजलं. सानपाडा म्हणजे आपल्या हार्बर लाइनवरचं, वाशीच्या अलीकडचं स्टेशन, पनवेलकर रोज त्यावरून जातो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा आयपी पत्ता शोधत पोलीस पोहोचले ते सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. मेल त्याने पाठवलाच नव्हता! त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. पोलिसांनी पुढे त्याला त्यातून मोकळं केलं, पण तोवर त्या माणसाचं काय झालं असेल! पुढच्याच महिन्यात तसाच मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून. २००९ च्या जानेवारीत तर मुंबई पोलीसच उघडी वाय-फाय हुडकत रस्त्यारस्त्यांवर फिरले.

मग वाय-फायचं कुलूप कसं असतं? मी तेही वाचत बसले, आणि काय सुंदर गोष्ट आहे ती! पासवर्ड हवेतून जातच नाही. राउटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, फोन एक पाठवतो, दोघे आपापल्या जागी बसून गणित करतात आणि पासवर्ड न उच्चारता तो आपल्याला माहीत आहे हे एकमेकांना पटवतात. २००४ पासूनच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा-पद्धतीत या गणितासाठी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळलं जातं. नावसुद्धा! म्हणून कंपनीने दिलेलं सर्रास आढळणारं नाव ठेवू नये, त्या नावांसाठीची गणितं लोकांनी आधीच करून ठेवली आहेत. हा संवाद कोणी रेकॉर्ड करून नेला, तर तो घरी बसून लाखो अंदाज लावू शकतो. प्रत्येक अंदाजाला त्याला ४०९६ फेऱ्या पडतात, पण मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख असेल तर तेवढ्याने काय वाचणार? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत जोडायचे, कर्नाळा-उखळ-जांभळा-गुरुवार असे काहीतरी. पाठ होतात, आणि ओळखायला महाकठीण. तिच्या पुढच्या डब्ल्यूपीए-३ मध्ये तर रेकॉर्डिंग घरी नेऊन अंदाज लावण्याची सोयच काढून टाकली आहे. आमचा टीव्ही जुना, त्याला ते झेपत नाही, म्हणून मी दोन्ही चालणारा पर्याय निवडला.

आणि डब्ल्यूपीएस! पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने जोडण्याची सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, वाटतं किती भक्कम. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे उरल्या एक कोटी. त्यात राउटर पहिल्या चार आकड्यांचा निकाल वेगळा सांगतो, उरलेल्या तिनांचा वेगळा. दहा हजार अधिक एक हजार, झाले ११,०००! दहा कोटींवरून अकरा हजारांवर! २०११ च्या डिसेंबरात हे उजेडात आलं, आणि त्या प्रकारच्या डब्यांत तेवढे प्रयत्न काही तासांत होतात. मी वहीत हे गणित पुन्हा मांडून बघितलं, आणि लगेच डब्ल्यूपीएस बंद केलं. बाहेरून राउटर चालवण्याची रिमोट मॅनेजमेंटची सोयही बंद केली.

फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला मात्र आपल्याकडे एक पथ्य आहे. अपडेट चालू असताना लाइट गेली तर डबा कायमचा गप्प होऊ शकतो, आणि पावसाळ्यात कर्नाळ्याच्या बाजूने आभाळ भरून आलं की लाइटचा काय भरवसा! म्हणून आधी राउटरचा छोटा यूपीएस घेतला. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्यायचा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. फायबरच्या काचेच्या तंतूतून विजेचा झटका येत नाही, येतो तो अडॅप्टरच्या वाटेने, तेव्हा सर्ज प्रोटेक्टरही लावला. डबा टीव्हीमागच्या अडचणीतून काढून मोकळ्या हवेत आणला. तो आता हाताला गरम लागत नाही.

ते अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन मी पहिल्याच दिवशी बदललं, पण त्या बदलाची ताकद कळली ती मिराईबद्दल वाचल्यावर. २०१६ साली अमेरिकेतल्या काही कॉलेजवयीन मुलांनी लिहिलेला हा प्रोग्राम. त्याच्याकडे साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, बस्स, एवढंच भांडवल! त्या टाकून टाकून तो जगभरातल्या लाखो कॅमेऱ्यांत, डीव्हीआरांत, राउटरांत शिरला, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला तशाच ताब्यातल्या यंत्रांनी वेबसाइटच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर एकदम गर्दी केली तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत तासन्‌तास अडखळले. यंत्र बंद-चालू केलं की मिराई पुसला जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचा.

डीव्हीआर हा शब्द वाचला आणि मला आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला, गेटच्या कॅमेऱ्यांना जोडलेला डबा आठवला. तोही नेटवर आहे, आणि त्याचा पासवर्ड कोणी ठेवला, कधी ठेवला, हे वॉचमनकाकांनाही माहीत नाही नि सेक्रेटरींनाही. मी काल सेक्रेटरींना गाठलं. पाच मिनिटांचं बोलणं अर्धा तास चाललं, सानपाड्याचं सांगितल्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले. रविवारच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय, आणि बी विंगमधल्या दोघांनी आतापासूनच आपापल्या राउटरचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत.