बारा व्होल्टांतला व्हॉल्व्ह

अहो, एवढासा फेट चक्क ट्रायोड व्हॉल्व्हच्या वळणावर जातो! हे मला इतकी वर्षं कोणीच कसं सांगितलं नाही? आवाजात व्हॉल्व्हचा गोडवा हवा असेल तर काच तापवा, अडीचशे व्होल्टांशी खेळा, ट्रान्सफॉर्मरचं धूड सांभाळा. नसेल झेपत तर मुकाट ट्रान्झिस्टर वापरा, एवढंच मी ऐकत आलो होतो. आणि इथे बारा व्होल्टांत, एका रेझिस्टरच्या जोरावर काम होतंय!

गंमत गणितात आहे. ट्रायोडमधला करंट व्होल्टेजच्या दीड घाताने वाढतो. साधा ट्रान्झिस्टर फारच उतावळा: बेसवर साठ मिलिव्होल्ट वाढले की करंट दहापट! माझ्या फेटमधला (हा जेफेट जातीचा) करंट मात्र वर्गाने वाढतो, म्हणजे घात दोन. दोन आणि दीड, किती जवळ! आता फेटच्या सोर्सखाली रेझिस्टर घाला. करंट वाढला की सोर्सचं व्होल्टेजही वर सरकतं आणि फेटला आपोआप लगाम बसतो. रेझिस्टर नसेल तर घात दोन, फार मोठा असेल तर जवळजवळ सरळ रेष. मग मधे कुठेतरी दीड असणारच ना?

आहे! दिमित्री डॅनियुक यांनी २००४ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे हे सूत्रच मांडलं: फेटच्या पिंच-ऑफ व्होल्टेजला त्याच्या कमाल करंटने भागा आणि ०.८३ने गुणा. बस्स. वाचलं आणि तडक बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. बीएफडब्ल्यू ११ हे फेट घेतले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी ज्याचे आलेख कंटाळत काढले तोच हा. एकाच नंबरचे दोन फेट कधी सारखे नसतात, म्हणून प्रत्येक मोजावा लागतो. गेट सोर्सला जोडून कमाल करंट पाहिला: ५ मिलिअँपिअर. मग सोर्सखाली एक मेगओहम लावून गेट ग्राउंडला जोडलं आणि सोर्सवरचं व्होल्टेज, म्हणजेच पिंच-ऑफ, पाहिलं: २ व्होल्ट. हिशेब आला ३३२ ओहम. डब्यात ३३०चा होताच! ड्रेनला २.७ किलोओहम लावला, ड्रेन सहा व्होल्टांच्या आसपास स्थिरावला.

भाच्याची गिटार जोडली, आवाज चढवत नेला. ऑसिलोस्कोपवर वरचा डोंगर हळूहळू बसका होत गेला, खालची दरी खोल राहिली. धारदार कापाकापी नाही, नुसतं गोलावणं! लाट अशी एका बाजूने कलली की दुसरा हार्मोनिक उमटतो, आणि दुसरा हार्मोनिक म्हणजे वाजवलेल्या सा-चा तार सा. बेसूर वाटेलच कसा? रसेल हॅम यांनी १९७३मध्ये व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला ऐकू येणारा फरक शोधला, तोही असाच आवाज मर्यादेबाहेर गेल्यावर. भाचा वाजवायचा थांबेना, मीही त्याला थांबवलं नाही.

हा पुरता व्हॉल्व्ह नव्हे, हे कबूल. ट्रायोडच्या प्लेटवरचं व्होल्टेज करंटवर सतत हुकमत गाजवतं. फेटचा ड्रेन त्या बाबतीत जवळपास बेफिकीर. शिवाय ईसीसी८३ या ट्रायोडचा एक टप्पा सिग्नल पन्नास-साठपट करतो, माझा हा बापडा जेमतेम चौपट. टप्पे वाढवावे लागतील. वाढवेन की! पॉवर ॲम्प्लिफायर आणि त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही तर आणखी वेगळीच कहाणी, तिच्यात अजून हात घातलेला नाही. पण वळणाचा आकार, जो मला सगळ्यात अवघड वाटत होता, तो हाती आलाय.

तुमच्याही खणात एखादा बीएफडब्ल्यू १० किंवा ११ पडलेला असेल. काढा, मोजा, ०.८३ने गुणा आणि जोडा. फक्त पुस्तकी सवयीने सोर्सच्या रेझिस्टरवर बायपास कपॅसिटर लावू नका. तो लावलात की ध्वनीपुरता लगाम सुटतो आणि घात पुन्हा दोनावर जातो.