कर्जाचं कारण

बचत गटाच्या कर्जवाटप वहीत नाव, रक्कम, व्याज, हप्ते असे रकाने असतात आणि त्यातच एक असतो ‘कर्जाचे कारण’. नालवाडीतल्या आमच्या गटाचा हिशोब लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी जुनी पानं चाळली. सगळा गट तीनच कारणांवर चाललेला: शेती, शिक्षण, दवाखाना. जिच्या घरी गुंठाभर जमीन नाही तिनेही बियाण्यासाठी पैसे उचललेले. जूनमधली फी समजू शकते, पण ऐन दिवाळीत चौघींच्या पोरांची फी कशी निघते?

मी काही विचारलं नाही. आमच्याकडे बाई दुखणं सांगेल, सासूचं गाऱ्हाणं करेल, नवऱ्याच्या दारूबद्दलही बोलेल. पैसा कुठे गेला, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाही. नवऱ्याची दारू हा नवऱ्याचा दोष, पण पैसा चुकला की तिची अक्कल निघते.

एका बैठकीत एकीने पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं मागितलं. ‘फीसाठीच ना? मग पोराला शाळेतून सवलत मिळते का बघू,’ असं अध्यक्षांनी अगदी मायेने म्हटलं आणि तिला रडूच फुटलं. ‘फीचे नव्हते वो ताई ते पैसे. नणदेच्या पोरीले आंदनात फ्रीज देल्ला. अर्धे गटाचे, अर्धे कंपनीचे. आता हप्त्यासाठी मानूस दारात येऊन बसते.’ क्षणभर कुणीच बोललं नाही. मग मागून आवाज आला, ‘मी वॉशिंग मशीन देल्ली. माह्यावरबी हप्ते हायेत. अन् माह्या घरी अजून कपडे हातानंच धुते मी.’ रडणारीसकट सगळ्या हसल्या.

त्या दिवशी बैठक लांबली. फ्रीजवालीचं म्हणणं होतं की कंपनीचं व्याज तरी स्वस्त आहे, वर्षाला १२ टक्के. गट महिन्याला शेकडा दोन घेतो, म्हणजे २४ टक्के. ऐकायला बरोबर वाटलं. वहीच्या मागच्या पानावर १२,००० रुपयांचं, वर्षभराचं कर्ज मांडून पाहिलं. कंपनीच्या माणसाने व्याज पूर्ण रकमेवर वर्षभराचं धरलेलं: १,४४० रुपये, दरमहा हप्ता १,१२०. मुद्दल उतरत गेलं तरी व्याज उतरत नाही. गटात महिन्याला हजार मुद्दल फेडलं की पुढचं व्याज उरलेल्या रकमेवर: पहिल्या महिन्याला २४० रुपये, शेवटच्या महिन्याला २०. बेरीज १,५६०. बारा आणि चोवीस टक्क्यांत प्रत्यक्ष फरक पडला १२० रुपयांचा! कंपनीने प्रक्रिया शुल्क म्हणून आधीच कापून घेतलेली रक्कम त्याहून जास्त होती. शिवाय गटाचं व्याज गटातच राहतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांसोबत ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. त्यात शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. तो कागद तिच्याकडे होता, पिशवीत, घडी न मोडलेला. उतरत्या शिल्लकीवर तेच १२ टक्के सुमारे साडेएकवीस होतात. शुल्कासकट कागदावरचा आकडा त्याहून चढा होता. नंतर कितीतरी जणी असे कागद घेऊन आल्या. नुसतं ‘कागद वाचून सही करा’ म्हणत राहिलो असतो तर एकही आला नसता, अशी माझी खात्री आहे.

आमच्यातल्या सर्वात वयस्क काकूंनी मग अशा मोकळ्या बोलण्यासाठी दोन अटी घातल्या. ‘मी म्हटलंच होतं’ असं कुणी म्हणायचं नाही, आणि जिचं तिने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. दुसरी अट पाळणं फार कठीण गेलं. मला तर सर्वात कठीण गेलं, कारण हिशोब लिहिणाऱ्या बाईला सगळं कळतं असा तिचा स्वतःचाच समज असतो.

पुढे दैनिक ठेवीचा विषय निघाला. ओळखीतला पोरगा रोज दुकानात येऊन पन्नास-शंभर रुपये नेतो, कार्डावर खूण करतो. दोघींची पतसंस्था बुडाली होती. ‘बँक बुडाली तरी सरकार पाच लाख देते’ या भरवशावर त्या होत्या. पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण खरंच आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एक लाखावरून वाढलं. पण ते बँकांना; सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही. दोघींचीही घरं एकाच गल्लीत, रोजची पाण्याची वेळही एकच, तरी दुसरीचेही पैसे तिथेच अडकलेत हे दोघींना बैठकीत कळलं. दोघी आधीच एकमेकींशी बोलल्या असत्या तर निदान तक्रार अर्ज मिळून दिला असता.

सगळ्याच गोष्टींना चूक म्हणायला मात्र माझं मन घेत नाही. एकीने धान्याच्या दुकानातली उधारी ‘माझी चूक’ म्हणून सांगितली. तिच्या मजुरीची आणि घरातल्या खाणाऱ्या तोंडांची बेरीज-वजाबाकी केली, तर उधारीवाचून पर्यायच नव्हता. आमच्या याच नालवाडीत विनोबा १९३२ च्या अखेरीस राहायला आले आणि सूत कातून जी मजुरी पडेल तिच्यातच भागवायचं, असा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. एकटा जीव, गरजा नावाला, व्रत म्हणून केलेलं काम. तरी शरीर खंगत गेलं आणि १९३८ मध्ये ते हवापालटासाठी पवनारला गेले. दरम्यान, १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं ठरवलं होतं. कातणाऱ्या बायकांना नीट खर्च करायला शिकवून तो प्रश्न सुटणारा नव्हता. काटकसरीची व्याख्यानं द्यायला येणाऱ्यांपुढे हे मी मांडते. ते मान डोलावतात आणि पुन्हा चहाचा खर्च वाचवण्यावर येतात.

मोकळं बोलण्याचा फटकाही बसला. एकीने मोबाईलवरच्या कर्जाबद्दल बैठकीत सांगितलं, आणि आठवड्याच्या आत ते तिच्या दिरापर्यंत पोचलं. कुणी सांगितलं ते शोधायला बसलो असतो तर गटच फुटला असता. ती यायची बंद झाली. काकू आणि मी घरी जाऊन आलो. तिने चहा दिला, पैशांवर अवाक्षर काढलं नाही. तिची बचत अजून वहीत आहे आणि ती काढून घ्यायलाही ती आलेली नाही. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना विचारून, नाव न घेता लिहिलं आहे. तिला मात्र विचारता आलं नाही, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

कारणाच्या रकान्यात आता ‘लग्नातलं आंदण’, ‘गहाण पोत सोडवणे’, ‘मोबाईलचा हप्ता’ असं लिहायला लागलो. मोठ्या कर्जासाठी वही बँकेत नेली तेव्हा साहेबांनी त्या पानावर बोट ठेवलं. ‘हे असं लिहू नका, वर पाठवताना अडचण येते. शेळीपालन वगैरे लिहा.’ काकू म्हणाल्या, ‘साहेब, शेळ्या पाहाले आले तं आम्ही कोनाच्या दाखवाच्या?’ ते हसले, पण अर्ज परत केला. अर्जात काय लिहायचं यावर गटात दोन तट आहेत, आणि येत्या बैठकीत हाच विषय पहिला आहे.