दुखायची गोळी

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता का?"

"नाही जी, कोणतंच नाही," बाबा म्हणाले.

आईने पिशवीतून पट्टी काढली तेव्हा ते तिच्यावरच चिडले. "अवं, ते का औषध हाये? ते तं दुखायची गोळी हाये."

समुद्रपूरकडे कापूस वेचणीत असंच चालतं. दिवसभर वाकून कंबर धरली की रात्री एक गोळी, सकाळी वावरात जायच्या आधी एक. पूर्वी बाबा दुकानातून सुटी गोळी आणायचे. मी पुण्यात नोकरीला लागलो आणि ॲपवरून घरपोच डबाच पाठवू लागलो. सोबत तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो, पाच दिवसांसाठी लिहिलेल्या. दर महिन्याला 'पुन्हा मागवा' दाबायचो. असली बटणं मी स्वतः बनवतो. दाबणाऱ्याला विचार करावा लागू नये, एवढंच त्यात बघायचं असतं.

गोळीत डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. डायक्लोफेनॅक तेच तयार होऊ देत नाही. दुखणं थांबतं ते त्यामुळेच, आणि उन्हात एका बाटलीभर पाण्यावर वेचणी करणाऱ्या माणसाची किडनी बसते तीही त्यामुळेच. बाबांना वर बीपीची गोळी चालू होती. पाय सुजले, लघवी कमी झाली. क्रिएटिनिन ३.८.

याच औषधाने आपल्याकडची गिधाडं संपवली. औषध दिलेलं ढोर मेलं की गिधाडं ते खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मध्ये हे कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर फोनवर वाचलेलं मी बाबांना सांगितलं.

"गावाबाहीर ढोर टाकलं का लय यायचे ते," बाबा म्हणाले. मग बराच वेळ बोलले नाहीत.

डॉक्टरांनी पट्टीवरची लाल रेघ मला दाखवली. चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी ती खूण. दोन वर्षं मी ही गोळी मागवत होतो. पट्टी हातात पहिल्यांदाच आली होती.

क्रिएटिनिन १.७ वर आलं तेव्हा आम्ही घरी परतलो. दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका आले. बाबांची चौकशी झाली, चहा झाला. उठताना म्हणाले, "तुमच्या कामाच्या नाही राहिल्या तं त्या गोळ्या मले देऊन टाका. वेचणी लागली हाये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.